उतारवयातील सेवा : एक जुनी परंपरा



चोपडे हा आमचा गाव पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या उत्तर काठावर आहे. समोरच्या तीरावर बार्देशातील शिवोली. आता नदीवर पूल झाला आहे आणि मोटारी पाहता पाहता पलीकडे जातात. परंतु माझ्या बालपणी पैलतीरी जावयाचे म्हणजे फेरीबोटीची वाट पाहणे भाग असे. त्या धक्क्यावर सकाळच्या वेळी एक वृद्ध गृहस्थ हटकून दिसत. सारा जन्म आगबोटीवर काढून ते पेन्शनीवर गावी परतले होते. आम्ही मुले त्यांना 'तारवटी आजो' म्हणत असू. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल असे. कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाचा मुलगा दर्यावर असून त्याचे पत्र आलेले नाही, कोणा विधवेचा अर्ज कचेरीत अडकला आहे, हे सारे त्या वहीत वारांप्रमाणे मांडलेले असावयाचे. सोमवारी अमुक घर, मंगळवारी तमुक. भर पावसातही त्यांचा वार चुकल्याचे मला स्मरत नाही. एकदा मी त्यांना विचारले, "आजो, आज पाऊस एवढा, उद्या गेलात तर नाही का चालणार?" ते म्हणाले, "उद्याच्या पानावर दुसऱ्याचे नाव आहे, बाबा."

हे उत्तर त्या वयात मला कळले नाही. पुढे शिक्षक झालो, थोडेबहुत वाचन घडले, तेव्हा ध्यानात आले की त्या वहीमागे फार जुना इतिहास उभा आहे. आज तोच आपणापुढे मांडावयाचा आहे. नोकरीतून निवृत्त झालेल्या, देवळात किंवा इगर्जीत नेमाने जाणाऱ्या माणसाने उरलेल्या आयुष्याचे काय करावे, हा प्रश्न हल्लीच उपस्थित झाला अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे, आणि त्याला दिलेले पहिले उत्तरही एका यादीच्या रूपानेच आलेले आहे.

ही यादी विधवांची होती. नव्या करारातील तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तिचे नियम सांगितले आहेत. यादीत नाव घालावयाचे ते साठ वर्षांखालील स्त्रीचे घालू नये. आणि ती स्त्री लेकरे वाढवलेली, परक्याचे आतिथ्य केलेली, संकटग्रस्तांना मदत केलेली अशी असावी. आपल्या परिचयाची साठीची मर्यादा इतक्या प्राचीन काळी आढळावी याचे नवल वाटते. परंतु भेद असा की, आज साठाव्या वर्षी माणसाचे नाव हजेरीपटावरून कमी होते, तर त्या मंडळीत साठाव्या वर्षी ते पटावर चढत असे. अशा विधवांचा चरितार्थ मंडळी चालवी आणि प्रार्थनेचे काम त्यांच्याकडे सोपवलेले असे. सन २५१च्या सुमारास रोमचे धर्माध्यक्ष कोर्नेल्यूस यांनी लिहिलेल्या पत्रावरून तेथील ख्रिस्तसभा दीड हजारांहून अधिक विधवांना व गरजूंना पोसत होती असे दिसते. त्याच तिसऱ्या शतकात सिरियात रचल्या गेलेल्या 'दिदास्कालिया' नावाच्या नियमग्रंथात वयाची अट पन्नासावर आणली आहे. शिवाय काही विधवा प्रार्थना सोडून घरोघर फिरतात आणि इकडचे तिकडे सांगत बसतात, अशी तक्रारही त्यात आहे. मला ही तक्रार वाचून बरे वाटते. ज्याच्याकडून काही कामाची अपेक्षा नाही, त्याच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही.

आपल्याकडील वाचकाला येथे वानप्रस्थाश्रमाची आठवण होईल. संसाराचा भार पुत्रावर सोपवून हळूहळू मन मोकळे करण्याची ती कल्पना थोर आहेच. ख्रिस्ती परंपरेने उतारवयाकडे पाहताना आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे त्या वयाला पदभार दिला. दोहोंत श्रेष्ठ कोण हे ठरवण्याचे मला प्रयोजन नाही. परंतु पदभार दिला की त्याबरोबर वार, वेळ आणि जाब येतो. माझ्या मते या इतिहासाचे सारे मर्म याच तीन गोष्टींत आहे.

गोव्यापुरते बोलावयाचे तर सोळाव्या शतकाकडे वळले पाहिजे. सन १४९८ मध्ये पोर्तुगालची विधवा राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने लिस्बन येथे मिझेरिकॉर्दिया, म्हणजे दयामंडळ, स्थापन झाले, आणि सोळाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत त्याची शाखा गोव्यात निघाली. हे मंडळ पाद्रींचे नसून प्रापंचिक बंधूंचे होते. तुरुंगातील कैद्यांची विचारपूस, आजाऱ्यांच्या भेटी, बेवारशी मृतांचे दफन, अनाथ मुलींची लग्ने, परदेशी मरण पावलेल्यांचा वारसा घरी पोचवणे, अशी कामे बंधूंमध्ये वाटून दिलेली असत आणि ज्याची पाळी असेल त्याने ती करावयाची असत. दिनांक ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर यांनीही येथील आपल्या कार्याचा आरंभ शाही इस्पितळातील रुग्णांपासून आणि तुरुंगातील कैद्यांपासूनच केला होता.

मिझेरिकॉर्दियाच्या नियमांचा पाया म्हणजे दयेची चौदा कृत्ये. त्यांतील सात देहाची : भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, वाटसरूस निवारा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची सुटका आणि मृताचे दफन. उरलेली सात आत्म्याची : अजाणास शिकवणे, संशयात पडलेल्यास सल्ला देणे, चुकणाऱ्यास सावध करणे, दुःखिताचे सांत्वन, अपराधांची क्षमा, अन्याय सोसणे, आणि जिवंतांसाठी व मृतांसाठी प्रार्थना. मी शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला ही यादी पाठ करून घेत असे, तेव्हा तिच्यातील एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पहिल्या सात कृत्यांना हातपायांत बळ लागते. दुसऱ्या सातांना गुडघे शाबूत असण्याची गरज नाही. किंबहुना सल्ला देणे आणि सांत्वन करणे ही कामे विशीतल्या तरुणापेक्षा सत्तरीतल्या माणसाला अधिक साधतात. अन्याय सोसण्याची संधी तर पुष्कळ वृद्धांना घरबसल्याच मिळते! विनोद सोडला तरी, ज्यांनी ही यादी रचली त्यांनी वार्धक्याला वगळलेले नाही, एवढे निश्चित.

मोठ्या शहरातील मिझेरिकॉर्दियाचे वैभव जुन्या गोव्याबरोबर ओसरले. तिच्या छत्राखालील स्त्रियांची आश्रयगृहे पुढे चिंबलला गेली. मडगावात पाद्री आंतोनियो जुआंव द मिरांद यांनी १८६७ मध्ये उभारलेले 'ओस्पिसियो' हे गरीब रुग्णांसाठी निघालेले त्याच वृत्तीचे कार्य. लोकांच्या तोंडी ते नाव अद्यापि आहे. वृद्धाश्रम चालवण्याचे काम आज गोव्यात सरकारची सार्वजनिक सहाय्य संस्था, म्हणजे 'प्रोव्हेदोरिया', करते. वृद्धांची सोय त्यामुळे होते, हे खरे. पण सोय होणे निराळे आणि काम मिळणे निराळे.

खेड्यापाड्यांत मात्र परंपरा जिवंत राहिली ती कॉन्फ्रारियांमुळे. कॉन्फ्रारिया म्हणजे इगर्जीला जोडलेले धर्मबंधूंचे मंडळ. फेस्ताच्या मिरवणुकीत पांढऱ्या झग्यावर लाल किंवा निळी आखूड खांदेझूल घालून, हाती मेणबत्ती घेऊन दोन रांगांत चालणारे पुरुष आपण पाहिले असतील. ते तिचे सभासद. झग्याला ओपा आणि झुलीला मुर्सा म्हणतात. पुष्कळांना कॉन्फ्रारिया म्हणजे एवढेच वाटते. मूळ हेतू वेगळा होता. बंधू आजारी पडला तर त्याच्याकडे जावे, मेला तर त्याला एकट्याने दफनभूमीकडे जावे लागू नये, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा व्हावी आणि त्याची विधवा उघडी पडू नये, यासाठी सभासदांनी परस्परांना बांधून घेतले होते. ज्या काळी विमा नव्हता आणि पेन्शन ही दरबारी माणसापुरतीच होती, त्या काळी गावातील कष्टकऱ्याला म्हातारपणाचा हाच आधार असे.

परंतु या परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अनेक ठिकाणी कॉन्फ्रारियांचे सभासदत्व जातीनुसार वाटले गेले. येशूच्या वेदीपुढे अमक्या जातीचे झगे लाल आणि तमक्या जातीचे निळे, असा प्रकार चालला, आणि फेस्ताचा मान कोणाचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे झाले. एका गावी, त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, माझ्या डोळ्यांदेखत दोन वयस्क गृहस्थ मिरवणुकीत कोणी पुढे चालावे यावरून भर फेस्तात हातघाईवर आले होते. दोघेही पेन्शनर, दोघेही नित्य मिस्सेला येणारे. त्याच आठवड्यात त्यांच्याच मंडळातील एक सभासद इस्पितळात एकटा पडून होता. नियमपुस्तकातील भेटीचे कलम कोणी उघडले नव्हते. मानाचे कलम मात्र दोघांनाही तोंडपाठ होते. झगा राहिला आणि वही गेली, असे मला त्या दिवशी वाटले.

आमच्या पेडण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ साली. त्यामुळे नव्या काबिजादीतील इतर महालांप्रमाणे येथेही ख्रिस्ती वस्ती विरळ राहिली, इगर्जी थोड्या, आणि पाद्री दूर. अशा ठिकाणी खुरसापुढची लादीन म्हणावयाची, मरणाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणावयाची, मुलांना 'आमच्या बापा' शिकवावयाचे, हे सारे गावातील वयोवृद्ध स्त्री-पुरुषांकडे आपोआपच आले. त्यांना कोणी नेमणूकपत्र दिले नाही. पण अमुक वाड्यावर कोणी अत्यवस्थ असले की अमुक आजीला बोलवावयाचे, हे सर्वांना ठाऊक असे, हिंदू शेजाऱ्यांनाही. मराठी शाळेत आमच्याच बाकावर बसणाऱ्या हिंदू मुलांच्या घरी भजनात झांज धरणारे आजोबा आणि आमच्या घरी लादीन सांगणाऱ्या आजी, यांची गावातील जागा एकच होती.

मराठी भाषेवरही अशा एका वृद्धाचे ऋण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास आले तेव्हा तिशीत होते. उरलेले आयुष्य त्यांनी बहुतांशी साष्टीच्या खेड्यांत काढले. 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे १६१६ मध्ये छापून निघाले, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. १६१९ मध्ये ते निवर्तले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या भाषेत ऐकावयास पुराण हवे होते, ही गरज ओळखून त्यांनी हजारो ओव्या रचल्या. कोंकणीचे व्याकरण आणि ख्रिस्ती सिद्धांताची प्रश्नोत्तरी ही त्यांची दुसरी दोन पुस्तके तर त्यांच्या मृत्यूनंतरच छापली गेली. म्हणजे ज्या कामामुळे आपण त्यांना ओळखतो, त्याचे फळ आजच्या हिशेबाने निवृत्तीनंतर लोकांच्या हाती आले.

आता थोडे दूर, फ्रान्समध्ये जाऊ. वृद्धांची सेवा वृद्धांनीच कशी उभी केली, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण तेथील आहे. ब्रिटनी प्रांतात सँ-सेर्वां नावाच्या बंदरगावी झान झ्युगाँ ही कोळ्याची मुलगी घरकाम करून राहत होती. १८३७ मध्ये तिने फ्रान्स्वाझ ओबेर नावाच्या बहात्तर वर्षांच्या स्त्रीबरोबर एक लहानसे बिऱ्हाड केले; सतरा वर्षांची एक पोरकी मुलगी त्यांना येऊन मिळाली. १८३९ च्या हिवाळ्यात झानने आन शोव्हँ या आंधळ्या, अर्धांगाने पंगू झालेल्या विधवेला घरी आणले आणि स्वतःचे अंथरूण तिला दिले. झानचे वय तेव्हा ४७ होते. पाठोपाठ दुसरी म्हातारी आली, मग तिसरी. झान टोपली घेऊन दारोदार भिक्षा मागू लागली. त्यातून 'गरिबांच्या लहान भगिनी' हा संघ जन्मास आला, आणि १८८२ मध्ये तो कलकत्त्यास पोचला. २००९ मध्ये झानला संतपद देण्यात आले. या कथेत सर्वजण झानचेच नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र त्या बहात्तर वर्षांच्या फ्रान्स्वाझकडे जाते. त्या वयाच्या बाईला आश्रिताच्या खाटेवर बसण्याचा पूर्ण अधिकार होता. ती मात्र यजमानीण झाली.

झानचे पुढील आयुष्यही शिकण्यासारखे आहे. १८५२ मध्ये तिला भिक्षेच्या कामावरून परत बोलावून मठात ठेवण्यात आले. संस्थापिका म्हणूनही तिची ओळख पुसली गेली. तेथे सत्तावीस वर्षे ती तरुण उमेदवार भगिनींमध्ये राहिली आणि १८७९ मध्ये, ८६ व्या वर्षी वारली. अधिकार गेला म्हणून ती रुसून बसली नाही. निवृत्तीची खरी कसोटी येथे लागते. साहेबाची खुर्ची सुटल्यावर पुष्कळांना चर्चच्या समितीतही खुर्चीच हवी असते.

दुसरे उदाहरण आयर्लंडचे. फ्रँक डफ हे डब्लिनमधील सरकारी नोकर. दिनांक ७ सप्टेंबर १९२१ रोजी त्यांनी काही स्त्रियांच्या साहाय्याने 'मरियासेना' सुरू केली, आणि १९३४ मध्ये नोकरी सोडून सारा वेळ तिला दिला. १९८० मध्ये ते वारले तेव्हा ९१ वर्षांचे होते. या सेनेचा नियम अगदी साधा आहे. दर आठवड्यास बैठक. प्रत्येकाला नेमून दिलेले काम. ते दोघांनी मिळून करावयाचे. आणि पुढच्या बैठकीत उभे राहून काय केले ते सांगावयाचे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांनी सहायक सभासद म्हणून रोज प्रार्थनेचा भाग उचलावयाचा. डफ हे कचेरीत वाढलेले गृहस्थ होते. कामाचा जाब द्यावा लागला नाही तर ते होत नाही, हे त्यांनी कचेरीतच पाहिले असावे.

आपल्या महाराष्ट्रात असे कोणी झालेच नाही असे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ स्थापले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. लक्ष्मीबाई टिळक आमच्या पंथाच्या नव्हत्या, पण ख्रिस्ती मराठी माणसाला त्यांचा अभिमान आहे. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले, आणि 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली ती १९३४ मध्ये, त्यांच्या ६६ व्या वर्षी.

येथे कोणी विचारील की, या साऱ्याचा प्रकृतीशी काय संबंध? अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात गेल्या शतकाच्या अखेरीस एक प्रयोग झाला. साठीपुढील स्वयंसेवकांना प्राथमिक शाळांत आठवड्यास १५ तास मुलांना वाचन शिकवण्याचे व ग्रंथालय सांभाळण्याचे काम देण्यात आले. निरोगी माणसेच सेवेला पुढे येतात, असा आक्षेप राहू नये म्हणून काम कोणाला द्यावयाचे आणि कोणाला थांबवावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. काम मिळालेल्यांची हालचाल वाढली, अंगात शक्ती आली, दूरदर्शनसमोरचा वेळ घटला, आणि अडचणीच्या वेळी ज्याच्याकडे जाता येईल अशी माणसे त्यांना अधिक मिळाली. मला त्यातील पंधरा तास हा आकडा महत्त्वाचा वाटतो. लहर लागली म्हणून वर्षातून एकदा फळे वाटून हा परिणाम होत नाही.

गोव्याला या प्रश्नाची निकड अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील लोकांचे प्रमाण शेकडा ८.६ होते, गोव्यात ते ११.२ होते. त्यापुढे केरळ तेवढे होते. आमच्या भागात तर आगबोटीवरून, मुंबईहून आणि आखातातून परतलेले पेन्शनर एकेका मोठ्या घरात दोघे दोघे, पुष्कळदा एकटेच राहतात, मुले परदेशी. दिवसभर बालकांवात बसून रस्त्याकडे पाहणे हाच त्यांचा उद्योग. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवला, तेव्हापासून त्या दिवशी वृद्धांना पुढच्या बाकावर बसवतात, फुले देतात. चांगली गोष्ट आहे. पण सोमवारी काय?

मात्र वृद्धांना बिनपगारी नोकर समजण्याची चूकही होता कामा नये. विशेषतः आजीच्या बाबतीत ती सर्रास होते. जिने चाळीस वर्षे चूल सांभाळली, तिला सेवेच्या नावाखाली पुन्हा इगर्जीच्या चुलीपाशीच उभे करणे हा अन्याय आहे. तिला हिशेब येत असेल तर हिशेब द्यावा, गाणे येत असेल तर मुलांचे गायनवृंद द्यावे. काम माणसाच्या बेताचे हवे, आणि एखाद्या दिवशी 'आज होत नाही' असे म्हणण्याची मोकळीक हवी. फक्त त्या दिवशी त्याच्या जागी दुसरा कोणीतरी गेला पाहिजे.

आमचे तारवटी आजो मी महाविद्यालयात असताना वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला झगे घातलेले बंधू होते, आणि वहीत नावे असलेल्या घरांतली चालू शकणारी सारी माणसेही होती. वही त्यांच्या सुनेने जपून ठेवली होती. काही वर्षांपूर्वी ती आम्ही मागून आणली आणि तशीच नवी केली. सध्या ती तिघांकडे फिरते : एक निवृत्त टपाल कारकून, एक आखातातून परतलेले गृहस्थ, आणि माझ्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. गुरुवारच्या दोन हिंदू घरांची नावे बाईंनी घातली आहेत, कारण ती त्यांच्या वाटेवर आहेत आणि तेथेही कोणी येत नव्हते. कारकुनांचे गुडघे हल्ली चढणीला साथ देत नाहीत, म्हणून वरच्या वाड्यावरील तीन घरे त्यांनी सोडली आहेत. ती घरे शनिवारी शाळा सुटल्यावर सातवीची मुले घेतात, आणि सोमवारी सकाळी काय काय पाहिले ते कारकुनांना सांगतात. ते लिहून घेतात.